दोन विती डावीकडं

नगरहून ट्रेलरवर रणगाडा आला,
रहिमतपूर फाट्यावरच्या चौथऱ्यावर क्रेननं बसला,
आणि समितीनं मला सांगितलं,
जब्बार, झाकणं सगळी वेल्डिंग करून टाक.
पोरं आत शिरतील, दारुडे झोपतील,
साप निघेल एखादा.
आणि तोफ बरोबर मधोमध धर,
फोटोला बरं दिसतं.

मी केलं. तीन झाकणं,
आणि टरेट फिरू नये म्हणून
कड्याला चार टाके.

संध्याकाळी दफेदार येसाजी फाळके सायकल ढकलत आले.
डावा कान गेलेला, उजवा निम्मा.
यांच्याच हाताखाली मी इंजिन शिकलो.
ते ऐकायचेच नाहीत,
ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तळवा ठेवायचे
आणि सांगायचे, तिसरा नोझल दमलाय.

रणगाड्यालाही त्यांनी तळवा लावला.
बराच वेळ.
"इंजिन काढून घेतलंय," म्हणाले.
मग पुढच्या उजव्या झाकणापाशी गेले,
वर तोफेकडं पाहिलं, पुन्हा झाकणाकडं.
"मुलाण्या, ही अशी कुणी ठेवायला सांगितली?"

पंचवीस वर्षांत लढाईचं मला एवढंच ठाऊक :
बसंतर नदी आपल्या वसनेएवढीच,
आणि पलीकडं ऊस उभा.
इकडं तोड संपून फडात पाचट पेटवलं
की दफेदार बहिणीकडं कोरेगावला जायचे.
कारण कुणी विचारायचं नाही.

त्या दिवशी मात्र बोलले,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांपेक्षा वर :

"ड्रायव्हरचं झाकण तोफेखाली येतं.
तोफ सरळ असली की पुरतं उघडत नाही.
गोळा लागला तेव्हा सरळ होती.
रिसालदारसाहेब जागेवर गेले.
निसार लोडर, त्याचा आवाज एकदाच आला.
भंवरसिंग गनर. अंगाला लागली होती त्याच्या.
वरून निघता आलं असतं त्याला.
मी खाली झाकणाला डोकं मारतोय,
इंटरकॉम मेलेला.
आणि टरेट फिरायला लागलं.
हातानं फिरवायचं चाक असतं ते,
दहा फेऱ्या मारल्या तरी बोटभर सरकतं."

अंगठा ते करंगळी हवेत ताणून
त्यांनी दोनदा माप दाखवलं.

"तेवढं पुरलं."

मग सायकलचा स्टँड उगाच वर-खाली केला.
"झुंझुनूकडं गाव त्याचं. गेलो होतो एकदा.
आईनं बाजरीची रोटी वाढली. वर लोणी.
तिनं काही विचारलं नाही.
मी पण खाऊन आलो."

पंचवीस जानेवारीच्या रात्री
आम्ही गॅस कटर घेऊन गेलो.
मी चार टाके कापले,
तोफेला साखळी बांधली, दुसरं टोक ट्रॅक्टरला.
दफेदार स्टिअरिंगवर, पहिल्या गिअरात,
क्लच असा सोडत होते
जशी झोपलेल्या पोराच्या मानेखालून उशी काढावी.
मी बॅटरी दाखवून थांबवलं.
ते उतरले, विती मोजल्या,
पुन्हा चढले, आणखी बोटभर ओढलं.

"झाकण पण मोकळं करू का?"
कानाशी जाऊन ओरडलो.
"नको," म्हणाले, "पोरं शिरतील."

सकाळी झेंडा झाला, भाषणं झाली.
हाराखालच्या तोफेचं तोंड
रस्ता सोडून घेवड्याच्या वावराकडं होतं.
कुणीतरी म्हणालं, जब्बारला सरळ रेघ कळत नाही.
समितीनं बिलातनं पाचशे कापले.
दफेदार मागच्या रांगेत बसलेले,
टाळ्या कधी वाजतात ते शेजाऱ्याचे हात बघून ओळखत.

आषाढात गेले ते.
समिती नवी आली आहे, रंग नवा द्यायचाय,
तोफही सरळ करून घेऊ म्हणतात.
करा म्हटलं.
टाके मी पुन्हा मारलेत, पक्के,
आणि फाट्यावर कटर
माझ्या एकट्याकडं आहे.